मास्तरणीची उजवी बाजू

आजीबाईंचा उजवा डोळा मी काळ्या झाकणीनं झाकला, तशा त्या म्हणाल्या, "अगं बाई, तू गेलीस की!"

"इथंच आहे आजी. समोरची अक्षरं वाचा बघू."

"आवाज आहे तुझा. तू नाहीस." आणि त्या खुर्चीत हलत हलत हसू लागल्या. सगळा जन्म शिवणकामात काढलेली बाई, आणि आपला डावा डोळा पार धुक्यात गेलाय हे त्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं. मी झाकणी काढली. "आलीस," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातावर चापट मारली, लपाछपी जशी काही मीच मांडली होती.

चष्म्याच्या दुकानात माझी हयात गेली. अंधाऱ्या खोलीत माणसांना बसवायचं, एक डोळा झाकायचा, भिंगं बदलत 'हे बरं की हे बरं?' विचारत राहायचं, हा माझा धंदा. एका डोळ्यावर संसार रेटणारी माणसं मला नवी नाहीत. चांगला डोळा सगळं काम निमूट करतो, मान आपसूक वळायला लागते, बोलायला येणारी माणसंही न सांगता चांगल्या डोळ्याच्या बाजूलाच येऊन बसतात, आणि अर्धं जग गेल्याचा घरात कुणाला पत्ता लागत नाही. हे मी कितीतरी जणांना समजावून सांगितलंय, तेही जरा तोऱ्यातच. पण त्या दिवशी माझा हात झाकणीसकट हवेत राहिला. कारण त्याच सकाळी घरामागच्या अंगणात आमच्या घोडीनं मला हेच सांगितलं होतं. मी तिच्या उजव्या बाजूनं रिकिबीत पाय घालायला गेले आणि ती एक पाऊल बाजूला सरकली. मी पुन्हा गेले, ती पुन्हा सरकली. राग नाही, भीती नाही. अनोळखी बाईला वाट द्यावी तशी सभ्यपणे सरकली. मी तिला नाही नाही ते बोलले. रोज दाणा मी घालते, लीद मी काढते, आणि ही बया मला ओळख देत नाही म्हणजे काय! आता त्या अंधाऱ्या खोलीत मला कळलं, की तिच्या त्या बाजूला मी कधी नव्हतेच. आजीबाईंना डॉक्टरांकडे जायची चिठ्ठी दिली, पडदा सरकवला आणि दुकान बंद करून मी घरी निघाले.

उन्हाळ्यात आम्ही दुपारी लवकरच दुकान लावून घेतो. रस्ते तापलेले असतात, खिडक्यांचे पडदे ओढलेले असतात, आणि भिंतीच्या सावलीत एकामागून एक चालणारी माणसं एकमेकांना उगाच नमस्कार करतात. मला उन्हाळा आवडतो. हे बोलले की लोक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात, पण ज्याच्या घरी घोडा असतो त्याला उन्हाळा आवडतोच. थंडीत घोडा म्हणजे नुसती कामं: ओलं गवत, चिखलानं भरलेले खूर, गोठलेला नळ. उन्हाळ्यात तो घरातला माणूस होतो. सकाळी फटफटायच्या आत उठून गार हवेत खरारा करावा, सांजवेळी पाइपानं अंघोळ घालावी, आणि अंगावरून पाणी निथळत असताना त्यानं डोळे अर्धे मिटून खालचा ओठ लोंबता सोडून उभं राहावं. त्या ओठाकडे बघून मला जेवढं शांत वाटतं तेवढं आणखी कशानं वाटत नाही. नवऱ्याला हे एकदा सांगितलं तर तो आरशात स्वतःचा ओठ बघून आला.

घोडीचं नाव मास्तरीण. हे नाव बाबांचं. ते लोकांना घोडेस्वारी शिकवायचे, म्हणजे मास्तर खरं तर तेच. पण ही चार वर्षांची असताना आली, आणि पहिल्याच दिवशी बाबांनी लगाम जरा वाकडा धरला तेव्हा जागच्या जागी थांबून, मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिली. हात सरळ होईपर्यंत बघत राहिली. 'झालं,' बाबा म्हणाले, 'म्हातारपणी मला मास्तरीण मिळाली.' बाबांचं घोड्यांबद्दलचं एक बोलणं ठरलेलं होतं. घोड्याच्या डाव्या डोळ्याला शिकवलंत ते तो उजव्या डोळ्याला सांगायला जात नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी शिकवा. शिकायला आलेल्या प्रत्येकाला ते हे ऐकवायचे, आणि स्वतः मात्र दर वेळी डावीकडूनच घोड्यावर चढायचे. सगळं जगच डावीकडून चढतं. का, तर म्हणे पूर्वी स्वाराच्या कमरेला डाव्या अंगाला तलवार असायची, उजवीकडून चढलं तर ती पायांत यायची. आमच्या घरात तलवार सोडा, धड कापणारी सुरी नव्हती. तरी आम्ही, मी आणि माझा धाकटा भाऊ, ज्याला घरात सगळे दादाच म्हणतात, लहानपणापासून डावीकडून चढलो, डावीकडून उतरलो, डावीकडून खोगीर घातलं, डावीकडून घोडा चालवत नेला. मास्तरणीला उजवी बाजू आहे हे आम्हाला फक्त खरारा करताना आठवायचं, आणि तेव्हाही ती बाजू आम्ही जरा उरकायचो.

बाबा गेले तेव्हा ती आम्हा दोघांची झाली, पण राहायला माझ्याकडे, कारण मागे अंगण आणि पत्र्याची पडवी आमच्याकडे होती. दादा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतो. इमारतींमध्ये लिफ्ट बसवायचं आणि बिघडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायचं त्याचं काम. त्याचं जगाबद्दलचं एकच मत आहे: चालणारी वस्तू चालती ठेवली पाहिजे. हिवाळ्यात माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, की बसा, चाला, घोड्यावरही बसा, पण वाकवलेल्या डाव्या पायावर सगळं अंग उचलायचं आता विसरा. म्हणजे घोड्यावर बसता येईल, फक्त रोजच्यासारखं डावीकडून चढता येणार नाही. दादा भेटायला आला तेव्हा पडवीत जाऊन आला. पोट सुटलेल्या मास्तरणीकडे तो बराच वेळ बघत राहिला होता. मग माझ्या पलंगाशी बसून म्हणाला, "हे बघ ताई, उभा घोडा खराब होतो. बाबांनी कधी घोडा शोभेला ठेवला नाही." त्याच्या ओळखीचा एक स्वारी शिकवणारा होता. चांगला माणूस, मोठं कुरण, मुलांना शिकवायला शांत घोडी हवी होती. "उन्हाळा संपेपर्यंत थांबतो. तू तिच्यावर बसून फाटकाबाहेर गेलीस की माझं बोलणं संपलं. नाहीतर मी गाडी घेऊन येतो." मी हो म्हटलं. नाही म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं, तो बरोबरच बोलत होता, आणि बरोबर बोलणाऱ्या धाकट्या भावाचा जितका राग येतो तितका मला आला.

तर त्या दिवशी घरी येऊन मी खोगिराला हातच लावला नाही. मोरखी घेतली, घोड्याच्या तोंडावर चढवायची ती दोरीची साधी मोरखी, आणि मास्तरणीच्या उजव्या बाजूला जाऊन नुसती उभी राहिले. तिनं माझ्याकडे बघितलं. नवीन आलेल्या मुलाला वर्गात नाव विचारावं तसं बघितलं. मी नाव सांगितलं. हसू नका, खरंच सांगितलं. अंगणात कुणी नव्हतं. मग तिच्या मानेला हात लावला, खांद्याला लावला, आणि पहिल्या दिवशी घोडा घरी आल्यावर जे जे करतात ते सगळं उजवीकडून करायला घेतलं. मोरखी उजवीकडून, दाणा उजवीकडून, पुढचा खूर आधी उजवीकडचा. आणि मजा अशी झाली की तिच्यापेक्षा मीच अडायला लागले. गाठ उलटी पडायची, बक्कल सापडायचं नाही, दोर भलत्याच हातात यायचा. माझेच हात मला चुलत हात असल्यासारखे वाटायला लागले. ती थांबायची, मान वळवायची आणि माझं काम नीट होईपर्यंत बघत राहायची. बाबांनी नाव ठेवलं ते खोटं नव्हतं.

ते दिवस मला फार सुखाचे गेले. इतकी वर्षं घरात असलेल्या जनावराची अर्धी बाजू मी पहिल्यांदा बघत होते. उजव्या कानामागे केसांचा एक भोवरा होता, तो मी कधी पाहिलाच नव्हता. खांद्यावर एक जुना व्रण होता, बोटाएवढा, गुळगुळीत, तो कधी झाला ते आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. त्या बाजूची आयाळ पातळ होती आणि तिच्याखालची कातडी उन्हात चटकन तापायची, म्हणून ओलं फडकं टाकावं लागायचं. तिथं नाक लावलं की वाळक्या गवताचा, घामाच्या मिठाचा आणि धुळीचा वास यायचा. हा वास दोन्ही बाजूंना सारखाच असणार, पण मला तो निराळा वाटायचा. दुकानात माणसांचे डोळे झाकताना मी मनातल्या मनात अंगणात असायची. कुणी 'हे बरं' म्हणालं की बराच वेळ पुढचं भिंग घालायचं राहून जायचं. घरी तर वेडच लागलं. जेवायला बसलो की नवरा नेहमी खिडकीकडे, म्हणजे माझ्या डाव्या हाताला. इतक्या वर्षांत मी त्याची एकच बाजू बघत आलेय असं एक दिवस माझ्या लक्षात आलं, आणि मी ताट उचलून पलीकडे जाऊन बसले. कानाच्या पाळीवर तीळ होता. भुवई त्या बाजूला जरा वर चढलेली, कायम काहीतरी विचारायच्या बेतात असल्यासारखी.

"काय झालं?" तो म्हणाला. "दाढी राहिलीय का?"

"नाही. बघतेय."

"बघ बाई बघ. घोडीचं झालं बघून, आता माझा नंबर."

नवरा शाळेत भूगोल शिकवतो. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे त्याला वाचन, झोप आणि मला सल्ले. जनावरांची त्याला धास्ती आहे. ती तो लपवत नाही, हा त्याचा मोठा गुण. लग्न झाल्यापासून तो मास्तरणीच्या हाताच्या अंतरात आलेला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मात्र तो तिची रोज चौकशी करतो: "सवत काय म्हणते माझी?" मी म्हणते, "तुझी आठवण काढते." तो म्हणतो, "लांबूनच काढ म्हणावं." हे वर्षानुवर्षं चाललंय, आणि त्यातलं काही बदलेल असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

बदलावं लागलं ते खोगिरामुळे. मास्तरीण उजवीकडून मोरखी, लगाम, खोगीर, सगळं घालून घ्यायला शिकली. मी तिच्या शेजारी ठेवलेल्या दगडी पायरीवर चढले तरी ती हलेनाशी झाली. पण मी उजवा पाय रिकिबीत घालून वजन टाकलं, की सुटलेल्या पोटावरून आख्खं खोगीर माझ्याकडे फिरायचं. पोटाखालचा पट्टा, तंग, कितीही आवळा, फिरायचं. याला इलाज एकच असतो. पलीकडच्या बाजूला कुणीतरी उभं राहून तिकडची रिकीब खाली ओढून धरायची, म्हणजे इकडचं वजन तोललं जातं. मी खिडकीशी गेले आणि नवऱ्याला हे समजावून सांगितलं.

"म्हणजे मी काय करायचं?"

"काही नाही. नुसतं वजन व्हायचं."

त्यानं पुस्तक मिटलं. "इतकं माझ्या जोगं काम मला आजवर कुणी दिलं नव्हतं," म्हणाला, आणि चप्पल घालून खरोखरच बाहेर आला. येताना चेहरा मात्र दात काढायला निघालेल्या माणसासारखा होता. मी त्याला मास्तरणीच्या डाव्या खांद्याशी उभं केलं, रिकीब हातात दिली, आणि दुसऱ्या हातात गाजराच्या चकत्या दिल्या. मी चढायला लागले की तिला एक द्यायची, म्हणजे ती त्याच्याकडे बघत उभी राहील आणि पाय हलवणार नाही. पहिल्या दिवशी चकती देताना त्यानं डोळे मिटून घेतले. तिनं ओठांनी ती अलगद उचलली, आणि तो नंतर तळहात उजेडात धरून बघत राहिला, बोटं जागेवर आहेत ना म्हणून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो गाजरं स्वतः चिरून आणायला लागला, आणि चकत्या फार जाड झाल्या की पातळ झाल्या यावर माझ्याशी वाद घालायला लागला. पण तिच्याशी तो बोलायचा नाही. एवढं अंतर त्यानं राखलं होतं.

आणि मग एका सकाळी मी वर बसले. काही विशेष झालं नाही. पाय घातला, वजन टाकलं, पलीकडे नवऱ्यानं कण्हत रिकीब ओढली, डावा पाय तिच्या पाठीवरून पलीकडे गेला, आणि मी खोगिरात होते. मास्तरीण गाजर चघळत होती. छपराच्या पत्र्यावर ऊन नुकतं येत होतं, शेजारच्या घरात कुणीतरी कपबशा धूत होतं, आणि मला सगळं थोडं उंचावरून दिसत होतं, हिवाळ्यापासून दिसलं नव्हतं तसं. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं. नवऱ्यानं वर बघितलं आणि आणखी एक चकती दिली. मला नव्हे, तिला. मग मी उतरले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, पुन्हा उतरले. असं रोज चाललं. बसायचं, थोडं थांबायचं, तिच्या मानेवर थोपटायचं, उतरायचं, चहा प्यायचा.

फाटकाबाहेर मी गेले नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. आज खूप ऊन झालंय, आज रस्त्यावर कचऱ्याची गाडी आहे, आज गुडघा जरा धरलाय. कारणं रोज ताजी मिळायची. पण खरं कारण असं असावं, की जोवर मी शिकवत होते तोवर कुणी मला निकाल विचारत नव्हतं. अंधाऱ्या खोलीत काही माणसं शेवटच्या ओळीपर्यंत आली की थांबतात. दिसत असतं, पण वाचत नाहीत, कारण वाचलं आणि चुकलं तर नंबर ठरतो. मी त्यांना म्हणते, वाचा हो, चुकलं तर चुकलं, भिंगं आहेत माझ्याकडे. मला असं म्हणणारं कुणी नव्हतं. शिवाय मी सुखात होते. सुखात असलेल्या माणसाला फाटक उघडायची घाई नसते. पडवीच्या सावलीत बसून मी तिच्या खुरांना तेल लावायची, माशा बसू नयेत म्हणून कपाळावर झालर बांधायची, आणि उन्हाळा संपायला अजून अवकाश आहे असं स्वतःला सांगायची. दिवस मात्र रोज थोडा लवकर मावळत होता.

दादा आला तो रविवारी सकाळी. घोडे न्यायची बंद गाडी त्यानं फाटकाशी उलटी लावली, खाली उतरून हात पुसले आणि मला म्हणाला, "बसलीस?"

"बसते की. रोज बसते."

"बाहेर गेलीस?"

मी फाटकाकडे बघितलं. दादानं मान हलवली. त्याला आनंद झाला नव्हता, हे मी त्याच्या बाजूनं सांगते. त्याचा चेहरा पडला होता. "आत्ता जाते," मी म्हटलं, आणि खोगीर आणायला वळले. माझे हात आता उजवीकडचे सराईत हात होते, त्यांनी आपलं काम केलं. नवरा चकत्यांची वाटी घेऊन आला आणि न सांगता आपल्या जागी जाऊन उभा राहिला. दादा त्याच्याकडे बघतच राहिला. ज्या माणसानं दादाच्या कुत्र्याला घाबरून एकदा सबंध जेवण उभ्यानं केलं होतं, तो घोडीला टेकून उभा होता.

"उजवीकडून चढणार?" दादा म्हणाला. "बाबांनी बघायला हवं होतं."

"त्यांनीच तर सांगितलं होतं. ऐकलं नाही आपण."

मी पायरीवर चढले, पाय घातला आणि एका दमात वर गेले. इतक्या सफाईनं मी त्याआधी कधी बसले नव्हते. खोगीर तसूभर हललं नाही. दादाचे ओठ किंचित उघडले आणि मिटले. लिफ्ट बिनआवाज वर गेली की तो असंच करतो. मी लगाम घेतला, पाठ ताठ केली, आणि दोन्ही टाचा तिच्या पोटाला हलकेच लावल्या. चल, याचा अर्थ. कोवळ्या वयापासून तिला ठाऊक असलेला अर्थ.

मास्तरीण हलली नाही.

मी पुन्हा टाच दिली, जरा जोरात. तिनं कान मागे करून माझं ऐकलं, आणि मान डावीकडे वळवून नवऱ्याकडे बघितलं. मी जिभेनं टॉक टॉक केलं. ती नवऱ्याकडेच बघत राहिली, शांत, अगदी शहाण्यासारखी. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तिला काय शिकवलं होतं? ही बाई उजवीकडून वर आली की दगडासारखं उभं राहायचं आणि डावीकडच्या माणसाकडे बघायचं. गाजर तो देतो. हलायचं कधी ते तो ठरवतो. उन्हाळाभर मी तिच्या उजव्या डोळ्याच्या मागे लागले होते, आणि डाव्या डोळ्यासमोरची माझी जागा, जिथून तिला सगळे हुकूम मिळायचे ती जागा, मी ज्याला घोड्याची भीती वाटते त्याच्या हवाली करून मोकळी झाले होते. बाबांच्या कुठल्याही शिकाऊ मुलानं ही चूक केली नसती. इतक्या बारकाईनं चूक करायला घोड्यांच्या घरातच वाढावं लागतं.

"ताई," दादा हळू आवाजात म्हणाला, "राहू दे. उतर." तो आवाज मला ऐकवेना. तो वळला आणि गाडीच्या मागच्या फळीची कडी काढायला लागला. मी टाच दिली, लगाम सैल सोडला, तिच्या कानाशी वाकून विनवणी केली, शेवटी तिला शिवी दिली. आता जाणार ही, असं मला स्वच्छ वाटलं. भल्या माणसाच्या कुरणात जाईल, मुलं तिच्यावर बसतील, डावीकडून चढतील, आणि उजव्या कानामागचा भोवरा पुन्हा कुणाला दिसणार नाही.

तेव्हा नवऱ्यानं वाटी पायरीवर ठेवली. रिकिबीत आता माझा पाय होता, म्हणून त्यानं रिकीब सोडली आणि तिच्या आयाळीचा एक झुपका मुठीत धरला. त्याची मूठ पांढरी पडली होती. "चल गं," तो तिला म्हणाला. इतक्या वर्षांत तिच्याशी बोललेला त्याचा तो पहिला शब्द. मग त्यानं एक पाऊल टाकलं.

मास्तरणीनं एक पाऊल टाकलं.

तो घाबरून थांबला, तीही थांबली. तो चालला, ती चालली. आम्ही तिघं दादाच्या गाडीला वळसा घालून फाटकातून बाहेर पडलो, तेव्हा दादा हातात कडी धरून उभा होता.

"अरे, हा का चालतोय?" तो म्हणाला.

"तो थांबला की ती थांबते."

"पण याला काय घोड्यावर बसणं म्हणतात?"

"बसलेय की मी! फाटकाबाहेर आहे की नाही? तू एवढंच म्हणाला होतास." हे बोलून होईपर्यंत आम्ही त्याच्यापुढे गेलो होतो, कारण नवरा थांबायला घाबरत होता. थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही, असं त्याला वाटत होतं. रस्ता रविवारचा रिकामा होता. टापांचा आवाज भिंतींवर आपटून परत येत होता. एका गॅलरीत कपडे वाळत घालणारी बाई चिमटा तोंडात धरून आमच्याकडे बघत राहिली. मास्तरणीची पाठ माझ्याखाली डाव्या-उजव्या बाजूला सावकाश झुलत होती, आणि ते झुलणं कमरेतून वर चढून माझ्या खांद्यांत येत होतं. आता मी टाच देत नव्हते, काही सांगत नव्हते. सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नव्हतं, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नव्हतं. खाली नवऱ्याच्या चपला फटक फटक वाजत होत्या. त्याच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा मोठा डाग पसरला होता, आणि तो मास्तरणीला पुटपुटत काहीतरी सांगत होता. कान दिला तर तो तिला रस्ता समजावत होता: आता चढ येईल, मग डावीकडे वळण, पुढे सावली आहे.

"किती लांब जायचं?" त्यानं वर न बघता मला विचारलं.

"दादा दिसेनासा होईपर्यंत."

आम्ही वळण घेतलं. मोठ्या झाडांची सावली लागली आणि मास्तरीण फुरफुरली. मागे गाडी सुरू झाली. मी कान टवकारले. आत घोडा असेल तर दादा गाडी जिवापाड जपून काढतो, आणि घोडा न्यायचा असेल तर तो आमच्या मागे येणार, हे उघड होतं. गाडी धाडकन निघाली. फळी, साखळ्या, आतली बादली, सगळं एकदम खणखणलं, आणि तो खडखडाट दुसऱ्या बाजूला लांब लांब जात राहिला. लिफ्ट चालू झाली की दादा हत्यारं उचलतो आणि निघतो, कुणाचा चहा घेत नाही.

"गेला?" नवऱ्यानं विचारलं.

"गेला."

"म्हणजे ही राहिली?"

"राहिली."

त्यानं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. धाप लागली होती त्याला. मग जरा वेळानं म्हणाला, "मी आता थांबलो तर चालेल ना?"

"थांब की," मी म्हटलं.

पण तो थांबला नाही.